अंगणात पडलेलं क्वाड

गावपळणीचा दिवस ठरला की आमच्या गावात घरोघरी पहिलं भांडण होतं ते काय न्यायचं यावरून. तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव रिकामं करायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी वेशीबाहेर जाऊन राहायचं आणि गाव देवाच्या ताब्यात द्यायचं. चौथ्या दिवशी मानकरी आणि गुरव तेवढे देवळात जातात आणि कौल घेतात. देवाने हो म्हटलं की सगळे घरी, नाही म्हटलं तर आणखी एक दिवस बाहेर. दर काही वर्षांनी हे येतं आणि लांबून बघणाऱ्याला ती सहल वाटते. आमच्या घरात मात्र आई होती. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेलं माणूस सहलीला न्यायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

खुर्ची, खुर्चीखालचं भांडं, रबरी चादर, गोळ्यांचा डबा, डाव्या हातात धरायला सोपा म्हणून घेतलेला मोठ्या कानाचा पेला. एकेक वस्तू ओढून पडवीत ठेवत होते. आईच्या खाटेखालून चादर ओढली तर तिच्याबरोबर एक पुठ्ठ्याचा खोका सरकत बाहेर आला. वर पालीच्या लेंड्या आणि आत माझं क्वाड.

क्वाड म्हणजे चार पंख्यांचं, तळहाताएवढं उडतं यंत्र. लग्नात वरून शूटिंग करणारा तो शहाणा ड्रोन नव्हे. त्याच्यावरचा हात काढला तरी तो हवेत जागच्या जागी थांबतो, साहेबाची वाट बघणाऱ्या शिपायासारखा. माझं क्वाड हात काढला की सरळ खाली येतं. क्वाड चालवायचा रेडिओ हातात धरायचा, दोन्ही अंगठे त्याच्या काड्यांवर, डोळ्यांवर जाडजूड गॉगल चढवायचा, त्यात क्वाडच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं, आणि मग आपण जिथे उभे असतो तिथे नसतोच. आपण वर असतो. पुण्याला असताना दर रविवारी मी हेच करायचे. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत नोकरी, आठवडाभर दुसऱ्यांची नाडी मोजणाऱ्या मशीनला डाग देत, म्हणजे सोल्डरिंग करत बसायचं आणि रविवारी माळरानावर स्वतःची नाडी वाढवायची. क्वाड मीच जोडलेलं होतं, एकेक तार, एकेक स्क्रू.

आईला झटका आला तेव्हा महिन्याभरासाठी म्हणून आले. त्याला सहा वर्षं झाली. दादा मुंबईला, त्याची नोकरी, त्याचा संसार. मी एकटी. लग्न न झालेली मुलगी म्हणजे घरातली रिकामी खुर्ची, ज्याला लागेल त्याने ओढून घ्यावी. कोणी मला थांब म्हटलं नाही. जा असंही कोणी म्हटलं नाही. आता मी पडवीत बसून गावातले मिक्सर आणि पंखे दुरुस्त करते आणि आतून दर थोड्या वेळाने आईची हाक येते.

"आसंस मां गो?"

"आसंय."

तिला काही लागत नसतं. मी आहे ना, एवढंच बघायचं असतं. आवाज आत गेला की ती गप्प होते. पुन्हा थोड्या वेळाने तेच. अंघोळीला गेले तरी मी दार पूर्ण लावत नाही.

गावपळणीच्या थोडंसं आधी पुण्याहून फोन आला होता. तेव्हाचा माझा उडवण्यातला सोबती, आता तो मुलांना क्वाड जोडायला शिकवतो. एक महिन्याचा वर्ग होता आणि त्याला डाग देणारा पक्का हात हवा होता. "पुढच्या रविवारपर्यंत सांग," म्हणाला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "कळवते" असं बाहेर पडलं. कारण गावपळणीला दादा येणार होता. गावपळणीला सगळेच येतात, गणपतीला न येणारेसुद्धा. ठरवलं, त्याला स्पष्ट विचारायचं: एक महिना आईला तुझ्याकडे ने. एक महिना. बाकी मला काही नको होतं.

खोका सापडला त्याच दिवशी मी नवीन बॅटऱ्या मागवल्या. जुन्या तर फुगून उशा झाल्या होत्या. खोका उघडून पाहिलं, एका मोटरची तार गंजून तुटलेली, रिसीव्हरवर मुंग्यांनी माती नेऊन ठेवलेली. सगळं खरवडून साफ केलं, डाग दिले. बॅटऱ्या आल्यावर पडवीत जमिनीपासून वीतभर उचलून पाहिलं, तर क्वाड असं किंचाळलं की आतून आई ओरडली, "भुंगो घुसलो काय गो घरात?" मी म्हटलं होय. मला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी एकटीच हसत होते.

निघायच्या दिवशी नगारा वाजला आणि गाव हललं. आईला खुर्चीसकट टेम्पोत चढवलं. अंगणातून बाहेर पडताना ती मान वळवून घराकडे बघत होती. सहा वर्षांत ती दवाखान्याखेरीज कुठे गेली नव्हती. आणि तिकडे जातानाही रिक्षाचे पडदे लावलेले, वारा लागतो म्हणून. आमची जागा गावाच्या वरच्या अंगाला सड्यावर होती. सडा म्हणजे कातळाचं मोकळं पठार, पावसाळा सरला की वर नुसतं पिवळं गवत. शेजाऱ्यांनी बांबू आणि झावळ्यांची खोपी उभी करून ठेवली होती. सड्याच्या कडेला उभं राहिलं की खाली आमचा वाडा, म्हणजे आमची वाडी हो, माडांच्या शेंड्यांमधून दिसायची. आमचं घर त्यातलं पहिलंच, वेशीच्या दगडाच्या जरा आत.

संध्याकाळी जरा सामसूम झाल्यावर मी खोपीपासून थोडी लांब गेले, गॉगल चढवला आणि क्वाड उचललं.

भीती होती की अंगठे विसरले असतील. पहिलं वळण वेडंवाकडं गेलं, दुसरं जरा बरं, तिसऱ्याला क्वाड आणि मी एकच झालो. पिवळं गवत पोटाखालून सुसाट मागे जात होतं. कडेवरून खाली झेप, परत वर, आणि समोर एकदम समुद्र, तोंडवलीच्या किनाऱ्याची पांढरी वाळू आणि त्यावर आडव्या ओढलेल्या होड्या. सहा वर्षं मी या समुद्रापासून एवढ्याच अंतरावर राहत होते आणि किनाऱ्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा गेले होते. मला रडू फुटलं. गॉगलच्या आत रडण्यात एक अडचण असते, काचेवर वाफ धरते आणि पुढचं दिसत नाही. कसंबसं गवतात उतरवलं.

गॉगल काढला तर मागून आरडाओरडा. आई हाका मारत होती, शेजारीण धावत गेलेली, कोणीतरी पाणी पाजत होतं. काही झालं नव्हतं. मी ओ दिली नव्हती, एवढंच.

"डोळ्याक पट्टी बांदून उभी ऱ्हवतंस," आई म्हणाली. "मी मेलंय तरी तुका कळाचा नाय."

"पाच मिन्टा झाली नाय आये!"

"पाच मिन्टात माणूस मरता."

तिचं खरंच होतं. मी गॉगल पिशवीत टाकला आणि भात टाकायला बसले. इतका संताप आला होता की तांदूळ दोनदा धुतले. त्या उघड्या सड्यावर, ना भिंत ना दार, मला घरातल्यापेक्षा जास्त कोंडल्यासारखं झालं. घरी निदान पडवी आणि खाट यांच्यामध्ये एक भिंत होती.

दुसऱ्या दिवशी दादा आला. कणकवलीला उतरून भाड्याची गाडी करून, येताना वाटेत बांगडे घेऊन. वहिनीला सुट्टी नव्हती. आईच्या पायाशी बसला, तिचं डोकं चेपून दिलं, तिला हसवलं. तो आला की आई निराळीच होते, आवाज बारीक, तक्रार एकही नाही. दादा वाईट नाही हो. तो आला की घर आनंदात असतं आणि गेला की मी असते.

बांगडे साफ करून झाल्यावर मी त्याच्या डोळ्यांवर गॉगल चढवला. माझ्याकडे एक जुना छोटा स्क्रीनही होता, त्यावर बघत मी हळूहळू क्वाड फिरवलं. दादा जमिनीवर मांडी घालून बसलेला, वळणावर अंग कलतं करत होता, तोंड उघडं.

"आवशीक खाव!" तो म्हणाला. "नशीबवान आसंस गो तू. मुंबैत असा आभाळ बगूक मिळत नाय."

माझ्या हातातला रेडिओ त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. घातला नाही. म्हटलं हीच वेळ आहे, त्याच्या डोळ्यांत अजून आभाळ आहे. आणि सगळं सांगून टाकलं. पुण्याचा फोन, महिन्याचा वर्ग, रविवार. बोलताना माझा आवाज चिरकत होता, नोकरीची मुलाखत देणाऱ्यासारखा.

दादाने गॉगल काढला. मग म्हणाला, "न्हेतंय आयेक. तू जा. कौल झालो काय घराकडे जाव, तिचे कपडे, डाक्टरचे कागद घेव, आणि ह्याच गाडयेत बसवन न्हेतंय."

मला खरं वाटेना. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं. "सांगलंय मां," तो म्हणाला. त्या दिवशी मी बांगडे इतके मन लावून तळले की शेजारची खोपी वास घेत आली.

आईला दादाच्या देखत सांगितलं. गोळी दिली ती घेतली, पाणी प्यायली. "म्हयनोच मां?" एवढंच तिने नंतर मला विचारलं. मी म्हटलं महिनाच. मग ती मुकाट पडून राहिली आणि दिवसभरात एकदाही तिची हाक आली नाही. ती शांतता मला हवी होती, पण आली तेव्हा काही सुखाची वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तिनेच मला जवळ बोलावलं.

"माका आमचा घर दाखव."

"खयसून?"

"त्या चष्म्यातून. मुंबैक जावच्या आधी एकदा बगतंय."

मी तिला समजावलं की घर वेशीच्या आत आहे, तिथे या दिवसांत कोणी जायचं नसतं. ती म्हणाली, माणसाने जायचं नसतं, यंत्राने जायचं नाही असं कोणी सांगितलंय? कावळे जातात, ते काय देवाला विचारतात? आई एकदा युक्तिवादाला लागली की वकीलही हरेल. दादा म्हणाला, दाखव गो, कोणाला कळतंय. आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. या बाईला मी काय करू शकते ते तिने एकदा तरी बघावं, असं मला फार वाटत होतं.

गॉगल आईला बांधला. मी स्क्रीन मांडीवर घेतला, डोक्यावर टॉवेल ओढला, कारण पश्चिमेचा उजेड थेट काचेवर येत होता. क्वाड उचललं, सड्याच्या कडेवरून सावकाश खाली नेलं. वेशीचा दगड खालून सरकला तेव्हा मी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

रिकामं गाव मी पहिल्यांदाच बघत होते. कुठे धूर नाही, दोरीवर कपडा नाही, रस्त्यात कोंबडं नाही. सगळ्यांची अंगणं झाडलेली, कारण निघायच्या सकाळी प्रत्येक बाईने झाडून घेतलं होतं. आमचं छप्पर आलं.

"ह्या आमचा घर?" आई म्हणाली. "एवढासा?"

"एवढाच आसा आये."

"आजून खाली घे. बाजूक घे. ती खिडकी दाखव, माजी."

मी उतरवत नेलं. खिडकीच्या गजांतून आतली खाट दिसली, वरची गुंडाळलेली गादी, भिंतीवरचं कॅलेंडर. सहा वर्षं ती त्या खिडकीतून बाहेर बघत आली होती. आता ती बाहेरून आत बघत होती, आणि खाटेवर कोणी नव्हतं.

"थांब हय," ती म्हणाली. "जरा थांब."

माझं क्वाड थांबत नाही, त्याला दर क्षणी थांबवावं लागतं. मी थांबवत होते. तेवढ्यात वाऱ्याने टॉवेल सरकला, स्क्रीनवर ऊन पडलं आणि मला पांढऱ्याशिवाय काही दिसेना. मी घाबरून वर ओढलं. वर माडाची झावळी होती. स्क्रीनवर सावली धरली तेव्हा चित्र गरगर फिरत होतं, मग धाडकन थांबलं. तिरपं तुळशी वृंदावन, तिरपी पायरी, तिरपं दार. क्वाड आमच्याच अंगणात आडवं पडलं होतं. मोटर फिरवून पाहिल्या, एक पंखा तुटलेला, नुसती धूळ उडाली.

मी कपाळावर हात मारला. गॉगल काढायला आईजवळ गेले तर तिने डाव्या हाताने माझा हात बाजूला सारला.

"बंद करू नको. ऱ्हवांदे."

कॅमेरा चालू होता. बॅटरी होती तोवर ती दाराकडे बघत राहिली. दारात कोणी येत नव्हतं, जात नव्हतं. चित्र काळं झालं तेव्हा तिने स्वतःच गॉगल वर ढकलला. तिचे गाल ओले होते. मी पुसले, आणि त्या वेळी मला तिचा राग अजिबात आला नाही.

क्वाड आणायला जाणं शक्यच नव्हतं. उद्या कौल झाला की घरी जाऊच, तेव्हा उचलू, असं मी म्हटलं. पण शेजारच्या खोपीतल्या लोकांना डोळे होते. पोरंटोरं सड्याच्या कडेला उभी राहून बघत होती, आणि सड्यावर बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात.

चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी सामान बांधलं. दादाची गाडी खालच्या रस्त्याला उभी होती, त्याला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. मी आईला अंघोळ घातली, चांगली साडी नेसवली, वेणी घातली. लग्नाला निघाल्यासारखी नटवली. तिने सगळं निमूट करू दिलं. माझी पिशवी मी मनात भरून टाकली होती, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणि पक्कडसुद्धा.

मानकरी आणि गुरव देवळातून परत आले ते चेहऱ्यावरूनच कळलं.

"कौल झालो नाय," मानकरी म्हणाले. "आजचो दिवस भायरच."

लोक बांधलेलं सामान सोडू लागले. कुरकुर सुरू झाली, आणि कुरकुर करणाऱ्यांच्या माना एकेक करून आमच्या खोपीकडे वळल्या. थोड्या वेळाने मानकरी स्वतः आले. म्हातारे, शांत माणूस. माझ्याकडे कधीमधी रेडिओ दुरुस्तीला आणायचे.

"बाय, तुजा ता इमान वेशीच्या आत पडला आसा?"

"होय आजोबा."

"देव रागावलो की नाय, ता माका ठावक नाय. पण लोक इचारतत, म्हणान इचारलंय." ते आईला पाया पडल्यासारखा हात करून निघून गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मला भांडता आलं असतं.

"मीच सांगलंय तिका," आई त्यांच्या पाठीमागून म्हणाली, पण तिचा आवाज तेवढा लांब गेला नाही.

मी दादाकडे वळले. "हयसूनच न्हे तिका," मी म्हटलं. "कपडे मी मागसून धाडतंय. कागदांचे फोटो काढून धाडतंय. तिच्यो गोळयो हयच आसत. गाडी उभी आसा, दोगा मिळान उचलूया."

"असं कसं करता येईल?" दादा म्हणाला. "कौल झालेला नाही. अशा वेळी आईला एवढ्या लांब न्यायचं, वाटेत काही झालं म्हणजे? लोक काय म्हणतील? थोडा विचार कर."

दादा आमच्याशी कायम मालवणीत बोलतो. प्रमाण मराठी तो ऑफिसात आणि बँकेत बोलतो. ते ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी हट्टाला पेटले. म्हटलं, काल तू दाखव म्हणालास आणि यंत्र आत गेलं तेव्हा देव नव्हता, आज गाडीत बसायची वेळ आली तर देव आला? मी पुष्कळ बोलले, आजूबाजूच्या खोप्या गप्प होऊन ऐकतील इतक्या आवाजात. दादा खाली मान घालून बॅग भरत होता. "पुढच्या महिन्यात काहीतरी करू," म्हणाला. आईच्या पाया पडला, आणि गाडी गेली. धूळ बसेपर्यंत मी कडेला उभी होते. ज्या महिन्याची मी वाट बघत होते, तो मी माझ्याच दोन अंगठ्यांनी माडाच्या झावळीला नेऊन धडकवला होता. हे मला त्या क्षणी दुसऱ्या कोणाहीपेक्षा स्वच्छ दिसत होतं आणि म्हणून मला ओरडावंसं वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही. मी तिला खुर्चीत बसवून कडेजवळ आणून ठेवलं होतं, वारा चांगला होता म्हणून. ती खाली माडांच्या शेंड्यांकडे बघत होती. तो रविवार होता.

"फोन लाव तेका," आई एकाएकी म्हणाली.

"कित्याक?"

"लाव तू."

लावला. तिला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा करून तिच्या डाव्या हातात दिला. दादा अजून वाटेतच होता, मागे गाडीचा आवाज येत होता.

"अरे, मी येतंय तुज्याकडे," आई म्हणाली. तिचा तो बारीक, त्याच्यासाठी राखलेला आवाज. "कौल उद्या होतलो. परवा ही गाडी करून माका आणून सोडतली. म्हयन्याचो तर प्रश्न आसा. हिका जावांदे पुण्याक. हिचा हयसर काय आसा?"

सहा वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मग दादा बोलला, आणि आता तो मालवणीत बोलत होता, मायेने.

"आये, हय तुका जमाचा नाय गो. दिवसभर घरात कोण नसता. तुज्या सुनेशी अजून माजा बोलणा पण झाला नाय. तुजी लेक थंय काय बोलता ता तू मनावर घेव नको. तू थंयच बरी आसंस."

फोन आईच्या कानाशी तसाच होता.

"आये? ऐकतंस मां? आये?"

तिने फोन कानापासून दूर धरला, जितका तो हात लांब जाईल तितका. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रेंज गेली गो."

दादाचा आवाज अजून येत होता. तिच्या हातातून, स्पष्ट, हॅलो हॅलो करत. सड्यावर आमच्या अख्ख्या गावातली सगळ्यात चांगली रेंज असते. घरी फोन लागत नाही तेव्हा लोक मुद्दाम इथे चढून येतात.

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. "होय आये," मी म्हटलं. "हय रेंज येणा नाय."

फोन लगेच वाजला. दादाच होता. मी उचलला नाही, तिने उचल म्हटलं नाही. तो दोघींच्या मध्ये, माझ्या मांडीवर, वाजत राहिला, आणि आम्ही समोर बघत बसून राहिलो. थांबला, परत वाजला, परत थांबला.

"पुण्याक काय ता कळव," मग आई म्हणाली. "तो वाट बगत आसतलो."

मी तिच्यासमोरच मेसेज लिहिला, जमणार नाही म्हणून. तो लगेच गेला.